पल्सारची बदलती स्पंदनं



“शास्त्रज्ञ दर काही वर्षांनी मत बदलतात, मग त्यांच्यावर विसंबायचं कसं?” हा प्रश्न आपल्या गप्पांमध्ये मी बऱ्याचदा ऐकतो. त्यावर वाद घालण्याऐवजी आज पल्सारविषयी बोलतो.

पल्सार म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्याहून जास्त, व्यास मात्र वीस-पंचवीस किलोमीटर. दीपगृहाच्या झोतासारखा त्याचा रेडिओ झोत पृथ्वीवरून फिरतो आणि आपल्याला ठरावीक अंतराने स्पंद मिळतात. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल यांनी पहिला पल्सार टिपला. विश्वातलं बिनचूक घड्याळ अशी या ताऱ्यांची ख्याती झाली.

पण १९७० मध्येच डॉन बॅकर यांनी दाखवून दिलं, की काही पल्सार मधेच गप्प होतात, तर काहींच्या स्पंदांचा आकार एकाएकी बदलतो आणि काही वेळाने पूर्ववत होतो. ताऱ्याचं फिरणं मात्र चालूच असतं.

बी ०९४३+१० हा असाच एक पल्सार. दर १.१ सेकंदाला एक फेरी. काही तास त्याचे रेडिओ स्पंद ठळक आणि शिस्तीत येतात, मग ते क्षीण आणि विस्कळीत होतात. २०११ मध्ये त्याच्यावर एकाच वेळी तीन दुर्बिणी रोखल्या गेल्या: अवकाशातली एक्स-किरण दुर्बीण एक्सएमएम-न्यूटन, युरोपातली लोफार आणि आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रेडिओ मंदावला, की एक्स-किरण उजळत होते! याचा अर्थ, बदल केवळ रेडिओ झोतापुरता नसून ताऱ्याभोवतीच्या चुंबकीय परिसरातच काही पालटतं. ते नेमकं कशामुळे, यावर अजून एकमत नाही.

हा नुसता कुतूहलाचा विषय नाही. २०२३ मध्ये जीएमआरटी वापरणाऱ्या भारतीय गटासह अनेक देशांच्या गटांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले, ते पल्सारच्या वेळा मोजूनच. त्या घड्याळांतलं एक अव्वल घड्याळ म्हणजे जे १७१३+०७४७. एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या स्पंदाचा आकार अचानक बदलला. आकार बदलला, की स्पंद पोचण्याची वेळही सरकल्यासारखी वाटते. ही सरक लहरींच्या खाती मांडली, तर गणितच चुकेल. जीएमआरटीसह जगभरच्या दुर्बिणींनी हा बदल लगोलग तपासून जाहीर केला.

घड्याळावर विश्वास ठेवायचा, पण ते तपासत राहायचं. मत बदलणं ही विज्ञानाची लबाडी नव्हे, तो त्याचा प्रामाणिकपणा आहे.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या.