नाव विकले, देणे कुणाचे?

(खिदिरपूर येथे गोदी व वाहतूक कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

खिदिरपूरच्या रस्त्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या धावलेली पिवळी ॲम्बॅसडर टॅक्सी हुगळीच्या पलीकडच्या काठी, उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्समध्ये तयार होत असे. २४ मे २०१४ रोजी व्यवस्थापनाने तेथे काम स्थगित केल्याची नोटीस लावली आणि दोन हजारांहून अधिक कामगार दरवाज्याबाहेर राहिले. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘ॲम्बॅसडर’ हे नाव फ्रान्सच्या पेजो समूहाला ८० कोटी रुपयांना विकण्यात आले. कारखाना नव्हे, यंत्रे नव्हेत, कामगार तर नव्हेतच; विकले ते केवळ नाव!

या नावाला ८० कोटींचे मोल कोणी मिळवून दिले? ते उत्तरपाड्याच्या कामगाराने, गल्लीतल्या मिस्त्रीने आणि रात्रंदिवस गाडी हाकणाऱ्या चालकाने मिळवून दिले. मालकाच्या वहीत मात्र तो नावलौकिक मालकाचीच मत्ता म्हणून जमा असतो. विक्रीच्या पैशातून कामगारांची व धनकोंची देणी भागवू, असे कंपनीने सांगितले. याचा अर्थ असा की, घाम गाळून झालेल्या कामाचा मोबदलासुद्धा पुढे कधीतरी होणाऱ्या विक्रीवर टांगलेला होता.

येथे आपल्यालाही एक गोष्ट लपवता येणार नाही. आधुनिकीकरणाला पैसा हवा म्हणून २००७ मध्ये कारखान्याची ३१४ एकर जमीन विकली गेली, तेव्हा राज्यात डाव्या आघाडीचेच सरकार होते. जमीन गेली, कारखाना वाचला नाही. परवानगी देताना जी अट घालायची, तिच्या पालनावर कामगारांची देखरेख नसेल तर ती अट कागदावरच राहते, हा त्यातला धडा आहे.

आता अमेरिकेकडे पाहा. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. अवघ्या चाळीस दिवसांत शेव्हरोले, कॅडिलॅक ही नामांकित नावे नव्या कंपनीकडे गेली आणि जुन्या अपघातांची देणी जुन्या, निष्प्राण कंपनीच्या गळ्यात राहिली. २०१४ मध्ये उघड झाले की, चालू गाडीचे इंजिन अचानक बंद पाडणाऱ्या सदोष स्विचची माहिती कंपनीतील अभियंत्यांना कित्येक वर्षे होती. तेव्हा सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावण्यात आल्या; भरपाईच्या निधीने १२४ मृत्यू मान्य केले. तरीही नवी कंपनी दिवाळखोरीच्या ढालीआड लपू पाहत होती. ती ढाल २०१६ मध्ये अपील न्यायालयाने या प्रकरणापुरती काढून घेतली, तीही पीडितांनी लढा दिला म्हणून.

हीच कंपनी महाराष्ट्रात तळेगावला होती. २०१३ मध्ये धुराच्या मानकांतील गैरप्रकारामुळे तिला १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०१७ मध्ये तिने देशातील विक्री थांबवली, २०२० च्या अखेरीस उत्पादन बंद केले. २०२३ मध्ये कारखाना ह्युंदाईने घेण्याचा करार झाला. पण हजाराहून अधिक कामगारांना त्यापूर्वीच कमी करण्यात आले होते.

सूत्र एकच आहे: ज्याला किंमत येते ते पुढच्या मालकाकडे जाते, ज्याचे देणे लागते ते मागे राहते.

आपल्या देशात मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला दिला. परंतु निर्माताच उरला नाही, तर गाडी परत कोण घेणार? कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या टॅक्सीवाल्याने सुटा भाग कोणाकडे मागायचा? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कामगारांच्या मागील २४ महिन्यांच्याच थकबाकीला तारणधारक बँकांच्या बरोबरीचे स्थान आहे. त्याआधीची थकबाकी मागे ढकलली जाते. म्हणून युनियनच्या कार्यकर्त्यांनी पगार थकण्याच्या पहिल्याच महिन्यात जागे झाले पाहिजे.

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. नाव विकत घेणाऱ्याने त्या नावाच्या गाड्यांतील दोषांची जबाबदारीही घ्यावी. नाव व जमीन यांच्या विक्रीतून प्रथम कामगारांची संपूर्ण थकबाकी फेडावी. आणि वाहनांच्या सुरक्षिततेच्या तपासणीत कामगार व चालक यांचे प्रतिनिधी असावेत.

गोदी कामगार आणि टॅक्सीचालक या मागण्यांसाठी एकत्र आले, तरच कायद्यातील पळवाटा बुजतील. कोणताही मालक त्या आपण होऊन बुजवणार नाही.

लाल सलाम!