मुलांच्या पियानोसाठी मेट्रोनोम कोणता घ्यायचा?

या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' वगैरे थोडी छाटणी केलीय.

विषय तसा छोटा आहे. मूल पियानो किंवा कीबोर्ड शिकतंय आणि क्लासमधून निरोप आलाय की घरी मेट्रोनोम पाहिजे. कुठला घ्यायचा? माझ्या दादानं नातेपुत्याहून लागोपाठ तीन लिंका पाठवल्या आणि खाली लिहिलं, 'तू इंजिनिअर आहेस, तूच सांग.' घरात एक जण बी.टेक. झाला की मिक्सरपासून विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरपर्यंत सगळं त्याच्याकडे येतं, हे तुम्हाला माहितीच आहे.

पुतणी नऊ वर्षांची. दीड वर्ष झालं, ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकतेय. क्लास रविवारी, अकलूजला. सरांचं म्हणणं, हात चांगला आहे पण घाई करते. हे सगळं ठीक होतं. पण लिंकांच्या खाली वहिनीचा वेगळा मेसेज होता: 'फोनवर ती टिकटिक लावली की रडते. आता क्लासच नको म्हणतेय.' म्हणजे दोन-तीन हजारांची वस्तू कुठली घ्यायची, एवढाच प्रश्न नव्हता. पोरगी पेटीपासून उठते की काय, असा होता. (आमच्या घरी कीबोर्डला अजून पेटीच म्हणतात.)

आधी यंत्र समजून घेऊ. मेट्रोनोम मिनिटाला ठरलेले ठोके देतो. ६० वर लावला की दर सेकंदाला एक ठोका, १२० वर अर्ध्या सेकंदाला एक. त्या आकड्याला बीपीएम म्हणतात. पियानोच्या पुस्तकात धड्याच्या डोक्यावर छोटा काळा सूर, बरोबरचं चिन्ह आणि पुढं ८४ किंवा ९६ छापलेलं असतं, ते हेच. आपल्याकडं विलंबित, मध्य, द्रुत म्हणून भागतं, नेमका आकडा गुरूच्या हातात असतो. तिकडं तो कागदावर आला, कारण यंत्र आलं. १८१४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या विंकेल नावाच्या कारागिरानं ते बनवलं. योहान मेल्त्सेलनं ते पाहिलं, त्याला आकड्यांची पट्टी जोडली आणि १८१५ मध्ये पेटंट आपल्या नावावर घेऊन टाकलं. सॉफ्टवेअरमधल्या मंडळींना ही गोष्ट फार ओळखीची वाटेल. १८१७ मध्ये बीथोवननं आपल्या तोवरच्या आठही सिंफनींचे आकडे छापून जाहीर केले.

विंकेलची करामत मला मनापासून आवडते. साधा लंबक सेकंदाला एक ठोका देणारा हवा असेल तर त्याची लांबी जवळजवळ एक मीटर लागते. मिनिटाला ४० ठोके हवे असतील तर सव्वादोन मीटर. म्हणजे पियानोवर ठेवायचा विषयच नाही, छताला टांगावा लागेल. विंकेलनं काय केलं, तर दांडी मधे अडकवली आणि खाली एक वजन, वर एक वजन लावलं. वरचं वजन खालच्याच्या विरोधात काम करतं, त्यामुळं वीतभर दांडीही सावकाश झुलते. वरचं वजन आणखी वर सरकवलं की गती आणखी कमी. बस, एवढंच. दोनशे वर्षं झाली, चावीचा मेट्रोनोम आजही असाच असतो.

दादाच्या तीन लिंकांपैकी पहिली याच चावीवाल्याची होती. लाकडी, त्रिकोणी, दिसायला देखणा. त्याचा एक खरा फायदा आहे: दांडी येताना दिसते, त्यामुळं ठोका पडायच्या आधीच मुलाला अंदाज येतो. सेल लागत नाहीत, लाइट गेली तरी चालतो. पण तो अगदी सपाट जागी लागतो. जरा कललेला असेल तर टिक... टॅक-टिक... टॅक असा लंगडायला लागतो, आणि स्वस्तातले काही सपाट जागीसुद्धा लंगडतात. लंगडा मेट्रोनोम लहान मुलाला देणं म्हणजे वाकडी पट्टी देऊन सरळ रेघ मार म्हणणं. शिवाय त्याच्या पट्टीवर सगळे आकडे नसतात. ६० ते ७२ मध्ये तीन-तीनच्या उड्या, ७२ ते १२० मध्ये चार-चारच्या, पुढं सहा आणि आठच्या. मोठ्यांना चालतं, कारण जास्त गतीला चारचा फरक कानाला कमीच जाणवतो. पण ज्या मुलाला एक-एक पायरी चढवायची आहे त्याचं अवघड होतं. शोकेससाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या. पहिला म्हणून नको.

दुसरी लिंक एका पैसे भरून घ्यायच्या ॲपची होती. इथं माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो. फोनमधला मेट्रोनोम दोन पद्धतीनं लिहिता येतो. एक आळशी पद्धत: प्रोसेसरला सांगायचं, 'मला एक सेकंदानं उठव', उठलं की ठोका वाजवायचा आणि परत तेच सांगायचं. फोन दुसऱ्या कामात असेल तर तो पाच-दहा मिलिसेकंद उशिरा उठवतो. पुढचा सेकंद त्या उशिरापासून मोजला जातो, म्हणजे उशीर साठत जातो. दुसरी पद्धत: आवाजाच्या घड्याळावर मोजायचं. ऑडिओत सेकंदाला बहुधा ४४,१०० नमुने असतात, मग ६० च्या गतीला बरोबर दर ४४,१०० नमुन्यांनी ठोका लिहून ठेवायचा, १२० ला दर २२,०५० नी. प्रोसेसर किती का गडबडीत असेना, ठोका जागेवर पडतो. चांगली ॲप अशी असतात, आणि त्यातली बरीच फुकट आहेत. तपासायचं कसं? ६० वर लावा आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याशेजारी पाच मिनिटं चालू ठेवा. सुरुवातीला दोघांचा ठोका जसा जुळला होता तसाच शेवटी जुळला पाहिजे. सरकला असेल तर ॲप काढून टाका.

ब्लूटूथबद्दल फार विचारतात. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज दहावा-पाचवा हिस्सा सेकंद उशिरा येतो, कधी जास्तच. पण मेट्रोनोम फक्त ऐकायचा असेल तर त्यानं काही बिघडत नाही, कारण प्रत्येक ठोका तेवढाच उशिरा येतो. दोन ठोक्यांमधलं अंतर तेच राहतं. बिघडतं कधी? कीबोर्डचाच आवाज ब्लूटूथवरून ऐकला तर. बोट आता पडलं आणि सूर मागून आला, की मुलाचा हात गोंधळतो. कीबोर्डला वायरचाच हेडफोन लावा, हे पक्कं.

ॲपची खरी अडचण मात्र ॲपमध्ये नाही. फोन समोर आला की त्याच्याबरोबर मेसेज, यूट्यूब आणि 'मम्मी एकच व्हिडिओ' हे सगळं आलं. स्क्रीन बंद झाली की काही फोन बॅटरी वाचवायला ॲपच थांबवतात, आणि मग पोरगं वाजवायचं सोडून फोनशी झटापट करतं. तासाभराच्या रियाजातली वीस मिनिटं अशीच जातात.

आता तिसरी लिंक बघण्याआधी मी वहिनीला एक फोटो पाठवायला सांगितला, कीबोर्डच्या वरच्या बाजूचा. आणि तिथं बटण होतंच. शिकण्यासाठीच्या बहुतेक कॅसिओ-यामाहा कीबोर्डमध्ये मेट्रोनोम आतच असतो. लोक सातशे आवाज आणि दीडशे ऱ्हिदम बघून कीबोर्ड घेतात, या बटणाकडं कुणी ढुंकून बघत नाही. बऱ्याच मॉडेलवर ते बटण दाबून धरलं की किती मात्रांचा बार हवा ते ठरवता येतं: दोन, तीन, चार. (बार म्हणजे पुस्तकात दोन उभ्या रेघांमधला भाग.) ठोक्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करायची सोयही बहुतेकदा मेनूत असते. आणि मोठा फायदा हा, की मुलानं हेडफोन लावला तरी ठोका त्यातच ऐकू येतो. टेबलावरचा मेट्रोनोम हेडफोनच्या आत पोचत नाही. तेव्हा काहीही विकत घेण्याआधी घरातला कीबोर्ड नीट बघा.

मग ती रडायची का? वहिनीनं व्हिडिओ पाठवला तेव्हा कळलं. ॲप पुस्तकातल्या ९६ वर लावलेलं, सगळे ठोके एकसारखे, आणि धडा नवीन. बोटाला पट्टी सापडायच्या आत ठोका निघून जातोय. मूल चुकतंय आणि यंत्र थांबत नाही. मोठा माणूससुद्धा वैतागेल.

लय तिच्यात नाही म्हणावं तर तसंही नाही. नातेपुत्याचं मूल आहे. आषाढीच्या आधी माउलींची पालखी धर्मपुरीवरून आमच्याकडं मुक्कामाला येते, दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरचं रिंगण करून माळशिरसला जाते. दिंड्या दारावरून जाताना ही पोरगी तीन वर्षांची असल्यापासून टाळ घेऊन उभी असते. आजीच्या एकादशीच्या भजनात अर्धा-अर्धा तास टाळ धरते आणि कुठं सरकत नाही. मग कीबोर्डवर का सरकते? भजनी ठेक्यात आठ मात्रा असल्या तरी त्या आठ सारख्या नसतात. सम जड पडते, खाली हलकी जाते, आपण कुठं आहोत ते कानाला सतत कळत असतं. टिक-टिक-टिक-टिक मध्ये पत्ताच लागत नाही. म्हणून माझी पहिली अट: पहिला ठोका वेगळा वाजला पाहिजे. 'टिंग-टक-टक-टक'. कीबोर्डवर बार चारचा ठेवला की तो आपोआप वेगळा होतो. तीनचा धडा असेल तेव्हा आठवणीनं तीन करायचं, नाहीतर घंटा भलत्याच जागी वाजते आणि मूल बरोबर असून स्वतःला चूक समजतं.

इथं कुणी म्हणेल, मग तबल्याचंच यंत्र का नको? बेंगळुरूच्या राडेल कंपनीची तालमाला कित्येक गायकांच्या घरी आहे, आता तशी ॲपही भरपूर आहेत. चारच्या धड्याला केरवा, तीनच्या धड्याला दादरा लावून वाजवायला मजा येते, आम्ही लावतो. पण ठेका भरलेला असतो, त्याच्या आवाजात बारीक चुका झाकल्या जातात. बसलेला धडा वाजवायला तबला, बसवायला ठोका, असं मी केलंय.

बसवायची पद्धत थोडक्यात. आधी यंत्र बंद. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना मुलं हातावर टाळी देत ठेका म्हणतात ना, तसं धड्याचे आकडे हातावर म्हणायचे: एक-दोन-तीन-चार. मग फक्त चार बार घ्यायचे आणि न चुकता जमेल ती गती शोधायची. तिची ५६ निघाली. तिथून चार-चारनं वर. तीनदा नीट आलं तरच पुढं, अडलं की दोननं खाली. ठोका रोज दहाच मिनिटं, बाकीचा वेळ मोकळं वाजवायचं. आणि आकडा तिनंच लावायचा, तिनंच वहीत लिहायचा. वहिनीनं बटणाला हात लावायचा नाही. वहीतून एक गंमत कळली: ती सगळीकडं घाई करत नव्हती. सोप्या बारमध्ये पळत होती आणि सातव्या बारला, जिथं अंगठा खालून न्यायचा असतो, तिथं दम घेत होती. सरांना घाई ऐकू येत होती, अडचण मात्र अंगठ्यात होती. आमच्याकडं प्रोग्राम अडकला की आधी लॉग बघतात, नक्की कुठल्या ओळीवर अडकलाय ते. हे तसंच झालं. मग सातवा बार एकटा, बिनठोक्याचा, तीन दिवस.

राहिली तिसरी लिंक. ती खिशात मावणाऱ्या डिजिटल मेट्रोनोमची होती, हजार-दीड हजारात मिळतो तसला. कीबोर्डमध्ये बटण नसेल किंवा घरी खरा पियानो असेल तर हाच घ्या. घेताना बघा: पहिला ठोका वेगळा वाजतो का, एक-एक आकड्यानं गती बदलते का, सेल साधे आहेत का (बटणासारखे चपटे सेल गावात ऐन वेळी मिळत नाहीत), आणि आवाजाचं चाक बाहेर आहे का. चाक मला एका खेळासाठी हवंय. मूल वाजवत असताना दोन बारपुरता आवाज शून्य करायचा आणि परत वाढवायचा. परत आलेल्या ठोक्यावर ते बरोबर उतरलं तर जिंकलं. हा खेळ तिला इतका आवडला की आता आजी मधेच चाक फिरवते. हो, दादानं शेवटी तोही घेतलाच, खास खेळासाठी.

क्लास चालू आहे. परवाच्या रविवारी ती ७२ वर होती. पुस्तकात ९६ आहे. मला फोनवर विचारते, 'काका, ९६ च का?' मी तिला सांगितलं, बीथोवनच्या हॅमरक्लाव्हियर सोनाटावर १३८ चा आकडा आहे आणि बहुतेक पियानोवाले तो त्याहून सावकाशच वाजवतात. ती म्हणाली, 'मग हे सरांना तू सांग.' सरांचा नंबर मागवलाय.

तुमच्या कीबोर्डवर ते बटण सापडत नसेल तर मॉडेलचं नाव लिहून पाठवा, शोधून सांगतो.