हंगामातली ताकद

कबड्डीचे सामने सुरू झाले की किशोर खेळाडूंचा व्यायाम बहुधा मैदानापुरता उरतो. चढाया आणि पकडींचा सराव रोज होतो. पण जोर-बैठका, वजनाचा व्यायाम सुटतो आणि काही आठवड्यांत मांड्या-खांद्यांत कमावलेली ताकद ओसरू लागते. ती टिकवायला मात्र कमावण्याइतके कष्ट लागत नाहीत. आठवड्यातून एक-दोनदा अर्धा-पाऊण तासाचा व्यायाम पुरतो. फेऱ्या कमी कराव्यात, वजन फारसे उतरवू नये. स्नायू ताकद धरून ठेवतात ते त्या भारामुळेच. सामन्याच्या आदल्या दिवशी हा व्यायाम टाळलेला बरा.

खरे नुकसान होते ते वजनगटात बसण्यासाठी केलेल्या उपासमारीने. वाढत्या वयात हाडे, स्नायू आणि खेळ या तिन्हींना अन्न लागते. जेवण तोडले, पाणी कमी केले, की काट्यावर उतरलेल्या वजनात स्नायूही जातात. मुलींची पाळी अनियमित होणे ही याचीच गंभीर खूण, आणि नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष होते. ५० किलो वजनाच्या खेळाडूला दिवसाला साधारण ७० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात जवळपास तितकीच, मूठभर शेंगदाण्यांत ७. उरलेली उसळ, वरण, भाकरी, मासे, चिकन यांतून मिळतात. पावडरीच्या डब्याची गरज सहसा पडत नाही. स्नायूंची बरीचशी दुरुस्ती झोपेत होते, म्हणून या वयात ८ ते १० तास झोप हवी. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखू लागले, तर उड्या कमी करून डॉक्टरांना दाखवावे.