काला आणि मान : गोव्यातील सणांचे खेळ

(वर्धापन सोहळ्यातील व्याख्यान)



आषाढ शुद्ध द्वादशीच्या दिवशी दोन प्रहरी माशेल गावी देवकीकृष्णाच्या देवळापाशी जो प्रकार चालतो, तो प्रथमच पाहणाऱ्या परस्थाला हा उत्सव आहे की पोरांचा दंगा, हे चटकन उमगत नाही. एकादशीला आरंभलेले भजन आटोपलेले असते. पावसाने मैदानाचा पार रेंदा झालेला असतो. अंगाला तेल चोपडलेली माणसे देवापुढे हात जोडतात, नामघोष करीत प्रदक्षिणा घालतात आणि थेट त्या चिखलात उतरतात. त्यांत शाळकरी पोरे असतात, तसे नातवंडे झालेले गृहस्थही असतात. मग धावाधाव, ओढाओढी, कुस्तीच्या झोंब्या, चेंडूफळी असे एकामागून एक खेळ रंगतात. मध्येच कोणी वरून लाडू, केळी, खाजे गर्दीत भिरकावतो आणि ते झेलण्यासाठी पुन्हा झुंबड उडते. घटकाभरात सगळे एकाच रंगाचे होतात. सावकार कोण, कूळ कोण, मास्तर कोण आणि विद्यार्थी कोण, हे ओळखण्याची सोय उरत नाही. शेवटी दहीहंडी फुटते. या उत्सवाला चिखलकाला म्हणतात.

काला म्हणजे कालवलेले. गोकुळात गोपाळांनी आपापल्या घरची शिदोरी सोडली, श्रीकृष्णाने ती एकत्र केली आणि सर्वांनी मिळून खाल्ली. वारकरी संप्रदायात सप्ताहाची सांगता काल्याने होते ती याचसाठी. कोणाच्या शिदोरीत काय होते, याचा हिशेब काल्यात राहत नाही. खेळाचेही तसेच. एकनाथांनी आणि तुकोबांनी फुगडी, हुतूतू, टिपरी, विटीदांडू या पोरखेळांवर अभंग रचले आहेत. खेळाला हलके मानण्याची वृत्ती संतांची नव्हे, ती मागाहून आलेल्या शिष्टांची. माशेलच्या मूर्तीत तर देवकी उभी आहे आणि बाळकृष्ण तिच्याजवळ आहे. खेळ चालतो तो आईच्या दारात, तेव्हा मळलेल्या अंगाची भीड कोणी कोणाची धरावी?

परंतु हा देव मूळचा माशेलचा नव्हे. मांडवीच्या पात्रातील चोडण बेट हे त्याचे ठिकाण. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या तिसवाडीत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भाविकांनी मूर्ती उचलली, ती प्रथम मये गावी नेली आणि पुढे माशेलला आणली. हा मुलूख तेव्हा आदिलशाहीत मोडत होता. गोव्यातील कितीतरी दैवतांना आसरा मिळाला तो मुसलमान पातशहाच्या हद्दीत, ही गोष्ट उत्सवाच्या गडबडीत सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. मूर्तीबरोबर जे गेले ते हिंदू राहिले. जमीन, घर, म्हातारी माणसे सोडवेनात म्हणून जे मागे राहिले, त्यांतले बहुतेक ख्रिस्ती झाले. जाणाऱ्यांनी देव नेला आणि त्याच्याबरोबर खेळही नेला, हे खरे. मागे राहिलेल्यांच्या हाती काय उरले?

याचे उत्तर आषाढाच्याच सुमारास, २४ जून रोजी, गोव्याच्या विहिरींवर मिळते. हा सांजांवचा दिवस, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचा सण. येशूची माता मारिया गर्भवती असताना आपल्या नातलग अलिशिबेच्या भेटीस गेली, तेव्हा अलिशिबेच्या उदरातील योहानाने आनंदाने उडी मारली, अशी कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे. त्या उडीची आठवण म्हणून ख्रिस्ती तरुण भरलेल्या विहिरींत, तळ्यांत, ओढ्यांत उड्या घेतात. डोक्यावर पानाफुलांचा, कधी फळे गुंफलेला मुकुट असतो, त्याला कोपेल म्हणतात. घरोघर गात, वाजवीत फिरावयाचे आणि विहीर दिसली की उडी घ्यावयाची, असा हा क्रम. शिवोलीस दोन होड्या एकत्र बांधून, शृंगारून, गाणी म्हणत संत योहानाच्या कपेलापाशी आणतात. या जोडहोडीला तेथे सांगड हाच शब्द आहे, जो मराठीतही आहे.

या दिवशी विशेष मान असतो तो नव्या जावयाचा. लग्नानंतरच्या पहिल्या सांजांवला सासरचे बोलावणे येते, कोपेल चढतो, गोडधोड होते, आणि मग त्याला विहिरीत उडी घ्यावीच लागते. दिवाळसणाला जावयाचे जे कोडकौतुक मराठी घरात होते, त्याचेच हे पावसाळी रूप म्हणावयास हरकत नाही. दिवाळीत जावई अभ्यंगस्नान करतो. येथे त्याच्यासाठी सबंध विहीर आहे, एवढाच फरक.

आणि या मिरवणुकीत वाजते काय? घुमट. मातीचा घट, एका तोंडावर ताणलेले चामडे, दुसऱ्या तोंडावर तळहाताची उघडझाप. पूर्वी हे चामडे घोरपडीचे असे. वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा आल्यावर शेळीचे वापरू लागले. चतुर्थीला हिंदू घरांत घुमट, शामेळ आणि कांसाळे यांच्या साथीने आरत्या होतात. तेच घुमट मांड्यांच्या मैफलीत आणि सांजांवच्या फेरीत ख्रिस्ती हातांत असते. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. वाद्याला धर्म विचारण्याचे कोणास सुचले नाही, म्हणून ते टिकले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही. विचारणारे होते.

गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये स्थापन झाले आणि मधला थोडा खंड सोडल्यास १८१२ पर्यंत चालले. त्याने १७३६ च्या एप्रिलमध्ये एक जाहीरनामा काढला. नवख्रिस्त्यांनी काय करू नये याची ती यादी आहे, आणि ती वाचताना एखाद्या मराठी घरातील लग्नाची याद वाचीत असल्याचा भास होतो. वधूवरांना हळद लावू नये. लग्नात ओव्या गाऊ नयेत. विड्याची पाने, सुपारी, फुले आणि तळलेले गोड पदार्थ पाठवू नयेत व स्वीकारू नयेत. अंगणात तुळस लावू नये. ज्या ओवीत फादर स्टीफन्स यांनी आपले ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ मध्ये राशोल येथे छापले, त्याच ओवीवर सव्वाशे वर्षांत ही पाळी आली! जाहीरनामा काढणाऱ्यांची दृष्टी मात्र तीक्ष्ण होती, हे कबूल केले पाहिजे. शेजारसंबंध तुटतो तो तत्त्वचर्चेने नव्हे, पानसुपारीचे तबक थांबल्याने, हे त्यांनी अचूक हेरले होते.

तबक थांबले नाही. निदान कायमचे थांबले नाही. नाताळात गोव्याच्या ख्रिस्ती घरांत जो फराळ होतो, त्यात बेबिंक आणि दोदोल यांच्या जोडीला नेवरी असते. मराठी करंजीची ही बहीण. खोबऱ्याचे किंवा डाळीचे सारण, मुरड घातलेली कड, सगळी ठेवण तीच. चतुर्थीच्या पंचखाद्यात आणि नाताळच्या ताटात ही एकच नेवरी दोन वेळा भेटते. चतुर्थीला हिंदू घरातून नेवऱ्यांचे ताट शेजारच्या ख्रिस्ती घरी जाते आणि नाताळला रुमालाने झाकलेले ताट उलट दिशेने येते. रिकामे ताट परत पाठवू नये, हा संकेत दोन्हीकडे सारखाच आहे.

येथवरचे चित्र फार गोड झाले. परंतु सण वाटून घेणे म्हणजे मागचे विसरून जाणे, असा कोणाचा समज होऊ नये. कुंकळ्ळीचे उदाहरण पाहावे. १५८३ च्या जुलै महिन्यात तेथील गावकऱ्यांनी पाच जेझुईट पाद्र्यांना ठार मारले. त्याआधी त्यांची देवळे मोडली गेली होती. त्यानंतर पोर्तुगिजांनी गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावले आणि दगा देऊन त्यांची कत्तल केली. शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्यास गेली, ती आजही तेथेच आहे. गावकरवंशांतील बरेच लोक पुढे ख्रिस्ती झाले. एवढ्या रक्तानंतर दोन्ही बाजूंनी एकमेकांचे तोंड पाहणे सोडले असते, तर त्यांना दोष कोणी दिला असता?

परंतु दरवर्षी फाल्गुन शुद्ध पंचमीस देवी पालखीत बसून फातर्प्याहून कुंकळ्ळीस आपल्या मूळ ठिकाणी येते. बरोबर बारा छत्र्या असतात. गावच्या बारा वांगडांची, म्हणजे मूळ गावकर कुळांची ती चिन्हे. गुलाल उधळला जातो, वाटेवर माणसांचा लोट लागतो. या उत्सवाचे नाव सांत्रेव. वांगड हा रक्ताचा आणि जमिनीचा संबंध आहे. बाप्तिस्म्याने माणसाचा धर्म बदलला, वांगड बदलला नाही. म्हणून आपल्या वांगडाच्या छत्रीशी ख्रिस्ती गावकराचेही नाते राहिले, आणि गुलाल त्याच्याही अंगावर पडतो. तो तेथे पाहुणा म्हणून येत नाही. त्याचा तेथे मान आहे.

गोव्याच्या सणांतील मर्म या ‘मान’ शब्दात आहे. दुसऱ्याच्या सणाला जाणे, कौतुक करणे, गोड खाऊन परतणे हे कोठेही घडते. ज्याच्यावाचून तो सण पुरा होत नाही असे एखादे काम शेजाऱ्याच्या हाती ठेवणे, ही निराळी गोष्ट. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी, अशी लोकांची श्रद्धा आहे. सात बहिणींपैकी मिराबाय ती हीच, असे सांगतात. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी म्हापशाच्या चर्चचे फेस्त असते, तेव्हा शिरगावहून तेल जाते. लईराईच्या जत्रेला म्हापशाहून मोगरीची फुले येतात. तेल आणि फुले, एवढाच व्यवहार. पण तो बहिणींचा असल्यामुळे त्यात उपकार नाही आणि आभारही नाहीत.

मानाची ही रीत आज अवघड झाली आहे, हे सांगितले नाही तर हे विवेचन अर्धे राहील. चिखलकाल्याला अलीकडे राज्याच्या पर्यटन खात्याचे पाठबळ मिळाले आहे. त्यामुळे गर्दी वाढली, व्यवस्था सुधारली, दूरदूरची माणसे येऊ लागली. यात वावगे काही नाही. मात्र बघ्यांची संख्या खेळणाऱ्यांहून अधिक झाली की खेळाचे स्वरूप पालटते. चिखलात उतरलेल्याला कोणी ओळखू नये यात त्या खेळाची गंमत, आणि छायाचित्र काढणाऱ्याची धडपड तर चेहरा ओळखू यावा म्हणून! दुसरी अडचण याहून मोठी आहे. कामधंद्यासाठी परदेशी गेलेल्यांची घरे वाड्यावाड्यांत कुलूप लावून उभी आहेत. बघ्या पुष्कळ मिळतील, पण मान ज्या घराचा त्याच घराने चालवावयाचा असतो. पैसे देऊन तो दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही.

या बाबतीत शिवोलीच्या जागराकडे पाहावे. नाताळनंतरच्या पहिल्या सोमवारी ही रात्र येते. जागऱ्यो हा गावची राखण करणारा देव. त्याला हिंदू तेल, फुले वाहतात आणि ख्रिस्ती मेणबत्त्या लावतात. दोन्ही समाजांची माणसे मशाली घेऊन वाद्यांच्या गजरात निघतात आणि मांडावर एकत्र येतात. मग सोंगे सुरू होतात. त्यांतले सोंगाडी दोन्ही समाजांचे, नमनात दोन्हींकडच्या देवांची नावे, आणि टवाळीही दोन्हींकडच्या लोकांची. कोणाच्या सोंगाला कोण हसले, याचा राग धरावयाचा नाही, हा मांडाचा नियम. वर्षभर बांधावरून भांडलेले शेजारीही तेथे एकाच चटईवर बसलेले असतात. पहाटेपर्यंत घुमट वाजत राहते. उजाडू लागले की सोंगाडी रंग पुसतात, बायका पेंगुळलेली पोरे खांद्यावर घेतात, आणि कोणी एक जण मांडावरची विझत आलेली मेणबत्ती शेजारच्या समईच्या ज्योतीवर पुन्हा लावून ठेवतो.