नागनिकेचं नाव

एकवीरेला जाताना आपण कार्ल्याची लेणी पाहतो. तशीच सातवाहनांची खूण आपल्याच जिल्ह्यात, जुन्नरजवळ नाणेघाटात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या लेण्यात राणी नागनिका आणि राजा सातकर्णी यांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, पण दोघांची नावं शेजारी शेजारी कोरलेली उरली. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती यांचे आकडेही भिंतीवर आहेत. दोघांच्या नावाचं नाणंही सापडलंय. राजा गेला तेव्हा मुलं लहान होती. कारभार नागनिकेनेच सांभाळला, असं अभ्यासक मानतात.

बायांनो, शेताचा, घराचा कारभार आपणही सांभाळतो. पण सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का? आज कागद काढून बघाच!