सुट्टीची वाट



कामगार चळवळीतला माणूस मुलांच्या खेळावर काय बोलणार, असे आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात आणि गेटसभांत. परंतु पगारी रजेसाठी ज्याचा जन्म भांडण्यात गेला, त्याला सुट्टीचे मोल थोडेफार कळते. तेवढ्याच अधिकाराने आम्ही येथे उभे आहोत.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती. खेळणी कोठून येणार? वडील पत्रके वाटून येत, त्यांतली उरलेली आम्हांस मिळत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर चाळीतली आम्ही पोरे भुलभुलैये काढीत असू. सहा जणांत पेन्सिलीचा एक तुकडा!

कृती सोपी आहे. दारापासून मुक्कामापर्यंतची खरी वाट आधी फिकी काढावी. मग तिला फाटे फोडावेत, काही लगेच संपणारे, काही लांबवर नेऊन फसविणारे. शेवटी दोन्ही अंगांच्या भिंती ठळक कराव्यात आणि फिकी रेघ खोडून टाकावी. उजव्या हाताची भिंत न सोडता चालत राहिले की वाट सापडते, हे एका पोराने लवकरच ओळखले. तेव्हा दुसऱ्याने मुक्कामाभोवतीच्या भिंती बाहेरच्या भिंतीपासून तोडून मधोमध बेटासारख्या ठेवल्या, आणि ती युक्ती फसली. ही भूमितीच होय. पण ती आम्हांस कोणी शिकविली नव्हती.

एकाने मात्र वाटच नसलेला भुलभुलैया काढला. आम्ही अर्धा दिवस डोके फोडले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे कोडे कोणी हाती धरीना. वाट अवघड असावी, पण असावी. ज्या मागणीतून वाट निघत नाही ती कामगारांपुढे ठेवू नये, हे आम्ही पुढे याच नियमाने ठरवीत आलो.

लखनौचा भुलभुलैया आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो ज्या बड्या इमामबाड्यात आहे, त्याचे बांधकाम नवाब असफउद्दौलाने १७८४ साली दुष्काळात लोकांच्या हातांना काम मिळावे म्हणून काढले. आज आपण तिकीट काढून जेथे हौसेने वाट चुकतो, तेथे कोणीतरी पोटासाठी विटा वाहिल्या आहेत.

आता मुख्य मुद्दा. मुलांच्या विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क संयुक्त राष्ट्रांनी १९८९ च्या बालहक्क करारात मान्य केला, आणि १९९२ साली भारतानेही तो करार स्वीकारला. २०१६ मध्ये आपल्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यावर सरसकट बंदी घातली. ठीक झाले. परंतु त्यातच एक फाटा ठेवला : घरचा धंदा धोक्याचा नसेल, तर शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मुलाने हातभार लावण्यास हरकत नाही. म्हणजे गरिबाच्या मुलाला सुट्टी लागली की कामाची पाळी सुरू!

आमच्या युनियनच्या खोलीत मे महिन्यात मुले जमतात, पाठकोऱ्या कागदांवर भुलभुलैये काढतात. इस्त्रीवाल्याची एक मुलगी चार दिवस आली आणि बंद झाली. आम्ही विचारावयास गेलो. बाप म्हणाला, "सुट्टीच आहे ना साहेब, मग हातभार नको का?" त्याचे भाडे आम्हांस ठाऊक होते; त्याला दोष देण्याचे धैर्य झाले नाही. रोज एक तास मागितला. तो त्याने दिला. मुलीने काढलेल्या भुलभुलैयात मुक्कामाच्या जागी खजिना नव्हता. झोपलेली आई होती.

तेव्हा आपणांस विनंती एवढीच. आपल्या मुलांना छापील कोडी आणून द्या, पण त्यांना स्वतःची काढूही द्या. त्यांच्या स्पर्धा लावू नका. आणि आपल्या घरी, दुकानी, शेजारी एखादे मूल सुट्टीत राबत असेल, तर त्याच्यासाठी एक तास मागून घ्या. बापाची मजुरी पुरेशी झाली की उरलेले तासही मोकळे होतील. ते भांडण आमचे आहे; ते आम्ही चालूच ठेवू.