मर्सीच्या खाडीसाठी पंचवीस वर्षांची भागीदारी



इंग्लंडच्या वायव्य भागातील मर्सी ही नदी लांबीने जेमतेम 112 किलोमीटरची. स्टॉकपोर्ट येथे दोन प्रवाहांच्या संगमातून ती सुरू होते आणि लिव्हरपूलजवळ विस्तीर्ण खाडीच्या रूपाने समुद्राला मिळते. या खाडीशी महाराष्ट्राचेही जुने नाते आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 या वर्षांत, मुंबई बंदरातून निघालेल्या कापसाच्या गासड्या लिव्हरपूलच्याच गोद्यांत उतरत आणि मँचेस्टर परिसरातील गिरण्यांत त्यांचे कापड होई. कापड धुण्याचे व रंगवण्याचे पाणी नदीत जाई. रंकॉर्न व विडनेस येथील रासायनिक कारखाने, वॉरिंग्टनचे साबणाचे आणि कातडी कमावण्याचे उद्योग यांनी त्यात भर घातली. लिव्हरपूल शहराचा मैला तर कोणतीही प्रक्रिया न होता अनेक मोऱ्यांवाटे थेट खाडीत सोडला जाई. पाण्यातील प्राणवायू संपून दुर्गंधी सुटे, आणि भरतीबरोबर किनाऱ्यावर चरबीचे गोळे येऊन पडत.

1981 साली लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ वस्तीत दंगली उसळल्या. त्यानंतर तेथे आलेले मंत्री मायकेल हेसेल्टाइन यांना शहराची दैना आणि नदीची दैना या वेगळ्या वाटल्या नाहीत. त्यांच्या पुढाकारातून 1985 साली 'मर्सी बेसिन कॅम्पेन' हे अभियान सुरू झाले. मुदत ठरली पंचवीस वर्षांची. 2010 पर्यंत खोऱ्यातील प्रत्येक प्रवाहात मासे जगू शकतील इतके पाणी सुधारावे आणि नदीकाठच्या पडीक जागांना नवे जीवन लाभावे, हे उद्दिष्ट होते. एवढी दीर्घ मुदत सरकारी योजनेला क्वचितच मिळते. ही मुदत अनेक निवडणुका ओलांडून टिकली, हे विशेष.

या अभियानाच्या हाती दंड करण्याचा वा परवाना रद्द करण्याचा अधिकार नव्हता. त्याचे काम एकत्र बसवण्याचे. जलप्राधिकरण, नगरपालिका, कारखानदार आणि स्वयंसेवी मंडळे यांनी एकमेकांकडे बोट दाखवावे, अशीच स्थिती होती. कारखान्याने आपले पाणी स्वच्छ केले तरी शेजारच्या मोरीतून मैला वाहत असेल तर त्याचा खर्च वाया. आणि पालिकेलाही हेच कारण पुढे करता येई. सर्वजण एकाच वेळी पाऊल टाकत आहेत, हा भरवसा निर्माण करणे हीच अभियानाची खरी कमाई. उपनद्यांच्या खोऱ्यांत स्थानिक गट उभे राहिले. शाळकरी मुलांपासून निवृत्तांपर्यंत माणसे ओढ्यांतील केरकचरा काढू लागली.

पैसा मात्र भूमिगत नळांतच ओतावा लागला. किनाऱ्यालगत मोठी वाहिनी टाकून मोऱ्यांचे सांडपाणी अडवण्यात आले आणि 1991 साली सँडन गोदीच्या जागी शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. युरोपीय निधीचाही हातभार लागला. अनेक जुने कारखाने याच काळात बंद पडले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याचे श्रेय अभियानाला देता येणार नाही, आणि रोजगार गमावलेल्यांना ते नकोच असेल.

कायदाही बाजूला पडला नाही. ऑगस्ट 1989 मध्ये एका तेलकंपनीच्या फुटलेल्या नळातून सुमारे 150 टन कच्चे तेल खाडीत पसरले. पुढच्या वर्षी न्यायालयाने त्या कंपनीला 10 लक्ष पौंड दंड ठोठावला.

1999 साली ब्रिस्बेन येथे दिल्या गेलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय नदी पुरस्काराचा मान या अभियानास लाभला. त्याहून बोलका पुरावा 2001 सालचा. वॉरिंग्टनजवळच्या वूल्स्टन बंधाऱ्यावर सामन मासे सापडले. समुद्रातून नदीत चढणारा हा मासा संपूर्ण खाडी पार करूनच तेथवर पोचतो. प्राणवायू नसलेला एखादा पट्टाही त्याची वाट अडवतो.

मुदतीप्रमाणे 2010 साली अभियान समाप्त झाले. मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी मर्सीच्या उगमाकडील टेम नदीच्या गाळातील प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांची मोजणी 2018 साली प्रसिद्ध केली. तोवर जगात कोठेही नोंदले गेले नव्हते इतके ते होते. त्या परिसरातील नद्यांच्या तळचे सुमारे 70 टक्के कण हिवाळी पुरांनी समुद्राच्या दिशेने वाहून नेल्याचेही त्यांना आढळले. या नव्या मळाचा धनी कोण, हा प्रश्न पुढे आला तेव्हा सर्वांना एकत्र बसवणारे ते अभियान बंद होऊन आठ वर्षे झाली होती.